मूक वाद्य आणि अभ्यासाचे फळ

मनुष्याच्या हातून जे कर्म घडते त्याला काही ना काही फळ असते, आणि बहुधा त्या फळाकडे पाहूनच तो कर्माला प्रवृत्त होतो. शेतकरी धान्यासाठी नांगर धरतो, विद्यार्थी ज्ञानासाठी, निदान परीक्षेसाठी वाचतो, गायक स्वरासाठी कंठ झिजवतो. परंतु एखाद्या कर्मातून त्याचे फळच काढून घेतले आणि तरीही ते कर्म रोज, वर्षानुवर्षे करावयास सांगितले, तर ते कर्म शुद्ध होईल की पोकळ होईल? हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेतील संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे तो लाकडाच्या आणि पोलादी कमानींच्या रूपाने प्रत्यक्ष मांडला गेला होता. त्या वस्तूला लोक मूक पियानो म्हणत.

पियानो हे वाद्य इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास घडविले. बाहेरून पाहता त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आपल्याकडील हार्मोनियमसारख्याच दिसतात. परंतु आतील रचना सर्वस्वी निराळी आहे. हार्मोनियममध्ये आवाजाचे लहानमोठेपण भात्यावर अवलंबून असते. पियानोत भाता नाही. पट्टी दाबली की आतील एक लहानशी हातोडी उसळून ताणलेल्या तारांवर आघात करते, आणि पट्टी सोडली की नाद थांबतो. स्वर मृदू यावा की प्रखर, पुढच्या स्वरात मिसळावा की त्यापासून तुटावा, हे सर्व बोटाच्या आघातावर ठरते. साहजिकच या वाद्याच्या शिक्षणात बोटांना अपार महत्त्व आले, आणि दहाही बोटे सारख्या बळाची व सारख्या आज्ञाधारकपणाची कशी करावी, या चिंतेने शिक्षकांना ग्रासले. करंगळीशेजारचे अनामिका बोट तर स्वभावतःच परावलंबी. ते स्वतंत्रपणे उचलताना आजही प्रत्येक नवशिक्या कष्टी होतो.

या चिंतेतून नाना प्रकारची उपकरणे जन्मास आली. योहान बर्नहार्ड लोजिए याने १८१४ मध्ये हात व बोटे योग्य जागी धरून ठेवणाऱ्या एका चौकटीचे पेटंट घेतले. पुढे १८३० च्या दशकात पॅरिसचा प्रसिद्ध वादक आंरी हेर्त्स याने पट्ट्यांच्या वर कमानींना टांगलेल्या कड्या बसविल्या. त्यांत बोटे अडकवून, कमानीच्या ओढीविरुद्ध ती खाली आणावयाची. मग डिजिटोरियम नावाची लहानशी पेटी निघाली. तिची लांबी-रुंदी जेमतेम सहा इंच, पट्ट्या अवघ्या पाच, आणि त्यांच्याखाली बळकट कमानी. तीत ना तार ना हातोडी. पाच बोटांनी पाच पट्ट्या दाबीत बसावे, इतकेच तिचे प्रयोजन. या परंपरेतील सर्वांत प्रगल्भ साधन म्हणजे अमेरिकेतील आल्मन व्हर्जिल याने १८८० च्या दशकात प्रचारात आणलेले अभ्यास-वाद्य. ते दिसावयास छोट्या पियानोसारखेच असे. पट्ट्यांचा स्पर्श हवा तसा हलका वा जड करता येई. परंतु आत तारा नसल्यामुळे त्यातून स्वर म्हणून काही निघत नसे.

अशा वाद्याची गरज का भासली? काही कारणे अगदी व्यवहारातील आहेत. दाट वस्तीच्या शहरांत भिंतीला भिंत लागून घरे असत, आणि शेजारच्या खोलीत कोणी एकच पाच स्वरांची ओळ शंभर वेळा घोटू लागला की मोठमोठ्या शांत माणसांचाही संयम सुटे. संगीतशाळेत एकाच दालनात अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी बसवावयाचे तर खरे पियानो वाजवून चालण्यासारखे नव्हते. शिवाय मूल्यवान वाद्य नवशिक्याच्या हाताखाली झिजू नये, हाही विचार असे. परंतु या सोयींच्या पलीकडे मूक वाद्याच्या पुरस्कर्त्यांचा एक खरा तात्त्विक आग्रह होता, आणि विचारी मनुष्याने तोच ध्यानात घेण्यासारखा आहे.

त्यांचे म्हणणे असे की, स्वर हा विद्यार्थ्याचा मित्र असतो तसाच शत्रूही असतो. कानाला गोड लागले की विद्यार्थी भुलतो. जी ओळ कठीण आहे ती तो टाळतो आणि जी हाताला बसली आहे तीच पुनःपुन्हा वाजवून आत्मतृप्ती मिळवितो. अभ्यासास बसलेला मनुष्य पाहता पाहता श्रोता होऊन जातो, आणि श्रोता झाला की श्रम संपतात. स्वर काढून घ्या, म्हणजे भुलण्यासारखे काही उरणार नाही. उरेल तो केवळ हात आणि त्याचे कर्तव्य. हा युक्तिवाद ऐकताना भारतीय वाचकाला तो परका वाटणार नाही. फळाच्या मोहाने कर्म बिघडते, म्हणून मोहाचे कारण दूर ठेवावे, ही विचारसरणी आपल्या अंगणातीलच आहे. चंचल मन कसे आवरावे या अर्जुनाच्या शंकेला सहाव्या अध्यायात जे उत्तर मिळते, त्यात अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने जोडीने सांगितली आहेत. मूक पियानो म्हणजे त्या जोडीचे जणू सुताराने घडविलेले रूपच, असे क्षणभर वाटून जाते.

परंतु उत्तरपक्षही तितकाच बलवान आहे, आणि तो ज्याने मांडला त्याला बोलण्याचा अधिकार दुःखाने मिळालेला होता. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान हा तरुणपणी लाइपत्सिग येथे फ्रीड्रिख वीक या गुरूजवळ पियानोचे शिक्षण घेत होता. मोठा वादक व्हावे ही त्याची आकांक्षा. १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी होत गेले, आणि वादक होण्याची आशा त्याला सोडावी लागली. बोट बळकट करण्यासाठी त्याने एक यांत्रिक साधन वापरले होते. हानी त्यामुळेच झाली की अन्य कारणाने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो पुढे श्रेष्ठ रचनाकार झाला, आणि तरुण विद्यार्थ्यांसाठी त्याने उपदेशाची काही सूत्रे लिहिली, ती १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सूत्रांत कानाच्या शिक्षणाला त्याने अग्रस्थान दिले आणि मूक पट्ट्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. ध्वनीची भाषा ध्वनीवाचून शिकता येत नाही, हा त्याच्या सांगण्याचा आशय. बोट हे कानाचे सेवक आहे. सेवकाला स्वामीपासून दूर नेऊन कितीही कवाईत शिकविली, तरी तो कवाईतच शिकेल. सेवा शिकणार नाही.

येथे दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, फळ दिसले की अभ्यास भ्रष्ट होतो. दुसरा म्हणतो, फळ दिसले नाही तर अभ्यास आंधळा होतो. दोन्ही विधाने अनुभवाला पटतात. मग सत्य कोठे आहे?

याचे उत्तर शोधण्यासाठी व्हर्जिलच्या वाद्यातील एका बारीकशा योजनेकडे पाहावे लागेल. ते वाद्य स्वरहीन होते. परंतु सर्वथा निःशब्द नव्हते. पट्टी खाली गेली की त्यातून एक बारीक ‘टिक्’ असा आवाज येई, आणि पट्टी वर आली की दुसरा. एक स्वर संपून दुसरा लागताना मध्ये फट पडू नये आणि दोन स्वर एकमेकांवर चढूही नयेत, हे पियानोवादनातील एक मोठे कसब होय. या वाद्यावर त्याची परीक्षा अशी होई की पहिली पट्टी सुटल्याचा आवाज आणि दुसरी दाबल्याचा आवाज हे दोन्ही अगदी एका क्षणी येऊन एकच ऐकू आले पाहिजेत. फट पडली, तर दोन टिका निराळ्या ऐकू येत आणि चूक तत्काळ उघडी पडे. म्हणजे व्हर्जिलने विद्यार्थ्यापासून माधुर्य काढून घेतले. परंतु साक्षी काढून घेतला नाही. गोड काय हे ते वाद्य सांगत नसे, परंतु खरे काय हे सांगत असे.

हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. फळ या एका शब्दाखाली आपण दोन निराळ्या वस्तू झाकून टाकतो. कर्मापासून मिळणारा उपभोग, स्तुती, सुख, ही एक वस्तू. कर्म नीट झाले की बिघडले याचे ज्ञान, ही दुसरी. पहिलीची आसक्ती सोडावी हा उपदेश सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच्या आधारे मनुष्य दुसरीही सोडून देतो, आणि त्या आळसाला निष्कामता हे नाव देतो. गीतेत या पळवाटेला जागा नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना, परिणाम, हानी, परपीडा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस ठरविले आहे. फळाची लालसा नसणे हा सात्त्विक कर्त्याचा गुण, आणि परिणामाचे भान नसणे हे तामस कर्माचे लक्षण. बाहेरून पाहता दोन्ही ठिकाणी मनुष्य फळाकडे पाहत नाही असेच दिसते. परंतु एकाने डोळे मोहापासून वळविले आहेत आणि दुसऱ्याने ते सत्यासमोर मिटले आहेत.

या दृष्टीने आडोल्फ फॉन हेन्झेल्ट या वादकाचे चरित्र फार विचार करण्यासारखे आहे. १८१४ मध्ये बव्हेरियात जन्मलेला हा कलावंत १८३८ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे स्थायिक झाला. त्या काळच्या थोर वादकांत त्याची गणना होत असे. त्याच्या घरातील अभ्यासाचे वर्णन त्याच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. तो आपल्या पियानोचा आवाज दाबून टाकी आणि बाखच्या रचना रोज घोटीत बसे. त्याच वेळी समोर बायबल उघडलेले असे आणि तो ते वाचीत असे. हात एका थोर कलेत आणि डोळे धर्मग्रंथात! एवढ्या अखंड अभ्यासाचा हा वादक सभेपुढे बसावयास मात्र विलक्षण भीत असे. ही भीती इतकी की आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने जाहीर वादन जवळजवळ सोडूनच दिले. त्याच्या भीतीचे कारण त्याचा मूक अभ्यास होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. भीतीची मुळे फार खोल असतात. त्याच्या निष्ठेपुढे नतमस्तकच व्हावे. तथापि एवढे मात्र दिसते की, हाताची तयारी वेगळी आणि मनाचा निर्भयपणा वेगळा. पहिलीची सहस्र आवर्तने केली म्हणून दुसरा आपोआप हाती येत नाही. आणि मनात असाही प्रश्न उठतो की, ज्या घटकेला हात बाखजवळ आणि डोळे बायबलजवळ होते, त्या घटकेला मन कोणाजवळ होते?

हा प्रश्न दूरच्या एका वादकाला विचारून थांबता येत नाही. पहाटे माळ ओढताना बोटे मणी पुढे ढकलीत असतात, ओठ नाम घेत असतात, आणि मन मात्र दिवसभराच्या देण्याघेण्याचा हिशेब मांडीत असते, हा अनुभव कोणत्या गृहस्थाला नाही? ती माळ म्हणजे टिक् नसलेला मूक पियानो होय. म्हणून माळ टाकून द्यावी असे नव्हे. केवळ सवयीलाही मोल आहे. ती दार उघडे ठेवते. परंतु दार उघडे ठेवणे आणि आत प्रवेश करणे यांतील अंतर विसरता कामा नये.

मग बाह्य स्वर नसतानाही ज्यांची साधना पूर्ण झाली असे कोणी नाहीत काय? आहेत, आणि त्यांच्याच उदाहरणांत या कोड्याची किल्ली आहे. बीथोव्हेन याची श्रवणशक्ती तिशी उलटण्यापूर्वीच क्षीण होऊ लागली होती. १८२४ मध्ये व्हिएन्ना येथे त्याची नववी सिंफनी प्रथम सादर झाली तेव्हा त्याला टाळ्यांचा कडकडाटही ऐकू आला नाही. एका गायिकेने त्याला सभेकडे वळविले, तेव्हा लोकांचे हलणारे हात त्याने डोळ्यांनी पाहिले. कॅनडाचा वादक ग्लेन गूल्ड याने १९६४ मध्ये टोरांटो येथील संगीतशाळेच्या पदवीदान समारंभात आपल्या किशोरवयातील एक प्रसंग सांगितला. तो मोत्सार्टची एक रचना वाजवीत असता शेजारी कोणी धूळ ओढणारे विजेचे यंत्र सुरू केले. त्या गोंगाटात त्याला स्वतःचे वादन ऐकू येईना. परंतु बोटांना होणारा स्पर्श आणि मनातील स्वर यांच्या आधारे तो वाजवीत राहिला, आणि त्याला ते वादन पूर्वीपेक्षा अधिक सुंदर वाटले. १९९५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांनी पाच दिवस रोज दोन तास पियानोवरील पाच बोटांचा एक पाठ प्रत्यक्ष गिरविला, आणि दुसऱ्या काहींनी बोटे न हलविता तो तितकाच वेळ केवळ मनात वाजविला. मेंदूच्या ज्या भागातून बोटांना आज्ञा जाते तेथील बदल दोन्ही गटांत सारखे आढळले. मनात वाजविणारांचे कौशल्य मात्र प्रत्यक्ष वाजविणारांच्या मागे राहिले; परंतु एकदाच पट्ट्यांवर बसून दोन तास सराव करताच ते त्यांच्या बरोबरीला आले.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. मौन फलद्रूप झाले ते, ज्याच्या अंतरात स्वर आधीच जागा होता त्याच्या ठायी. बीथोव्हेनने बहिरेपणापूर्वी आयुष्याची जवळजवळ तीन दशके स्वरांच्या सहवासात घालविली होती. गूल्डच्या मनात ती रचना आधीच नाद करीत होती. प्रयोगातील लोकांना काय वाजवावयाचे ते आधी ठाऊक करून दिलेले होते, आणि त्यांची पूर्तताही शेवटी खऱ्या पट्ट्यांवरच झाली. ज्याने स्वर कधी ऐकलाच नाही त्याला मूक वाद्यापुढे बसविले, तर त्याच्या वाट्याला वैराग्य येत नाही. केवळ उपास येतो. त्यागण्यासाठी आधी काही असावे लागते. ज्याने अन्न चाखले आहे त्याचा उपवास व्रत होतो. ज्याला अन्न मिळालेच नाही त्याची ती उपासमार होय.

आणि येथेच या विषयातील खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. मूक पियानोपुढे प्रौढ कलावंत आपण होऊन बसे, तसेच लहान मूलही बसविले जाई. कलावंताने शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून, किंवा स्वतःच्या कानाचा मोह आवरावा म्हणून मौन पत्करले. मुलावर ते लादले गेले. आणि कित्येकदा घरातील वडील माणसांच्या शांततेसाठीच लादले गेले. दोघांच्या बोटांखाली वाद्य तेच. परंतु एकाचे कर्म संयमाचे होते आणि दुसऱ्याचे सक्तीचे. स्वतःच्या फळाचा त्याग हा धर्म असू शकतो. दुसऱ्याच्या फळाचा त्याग आपण ठरविणे याला धर्म म्हणता येत नाही.

गृहस्थाने हे वाक्य आपल्या घराच्या चार भिंतींत लावून पाहावे. घरातील स्त्री पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, आणि तिच्या श्रमांचा एका शब्दानेही गौरव होत नाही. विचारले तर तिने कर्तव्य म्हणून करावे, असे उत्तर मिळते. मुलाने वर्षभर मन लावून अभ्यास केला; त्याच्या हातून काय चांगले झाले हे कोणी सांगत नाही, कारण स्तुतीने तो बिघडेल अशी भीती. हाताखालच्या मनुष्याला वेतन उशिरा देणारा धनी त्याला निष्ठेचे महत्त्व पटवून देतो. या सर्व ठिकाणी निष्काम कर्माचा उपदेश तोंडी आहे. परंतु उपदेश करणारा स्वतःचे फळ पदरात घेऊन बसलेला आहे. शेजाऱ्याला मूक पियानो देऊन आपण निवांत निजावे, असाच हा प्रकार. फळाची इच्छा सोडण्याचा उपदेश मनुष्याने प्रथम स्वतःला करावा. दुसऱ्याच्या बाबतीत त्याचे कर्तव्य उलट आहे: त्याच्या श्रमाचे फळ त्याला मिळते की नाही, हे पाहणे.

मग मुलाला शिस्त लावू नये काय, त्याला नीरस आवर्तने देऊ नयेत काय, अशी शंका कोणी घेईल. तसे मुळीच नाही. नीरस आवर्तनांवाचून कोणतीही विद्या आली नाही व येणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलाच्या कानावर स्वर पडू द्यावा, त्याची गोडी लागू द्यावी. मग त्या गोडीसाठी तो आपण होऊन कोरडा श्रम सोशील. आणि श्रम सोशीत असताना त्याच्यापासून सत्य लपवू नये. बरोबर काय आणि चूक काय हे सांगणारी ती बारीक टिक् त्याला प्रेमाने ऐकवीत राहावी. स्तुतीचा वर्षाव नको, परंतु साक्षही काढून घेऊ नये. ज्या घरात चूक झाली तरच शब्द निघतो आणि नीट झाले तर मौन पाळले जाते, तेथील वाद्य व्हर्जिलच्या वाद्याहूनही सदोष आहे. कारण त्याची टिक् एकाच बाजूने वाजते.

व्हर्जिलची ती वाद्ये आता प्रामुख्याने संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे पाहावयास मिळतात. त्यांची जागा नव्या रचनांनी घेतली. १९९३ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने असा पियानो बाजारात आणला की, ज्याची हातोडी तारेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविता येते. शेजाऱ्याला काही ऐकू येत नाही, परंतु वादकाच्या कानाशी लावलेल्या यंत्रातून त्याला प्रत्येक स्वर ऐकू येतो. शंभर वर्षांच्या खटपटीनंतर कारागिरांनी जणू हेच मान्य केले की, मौन जगासाठी असावे, साधकासाठी नव्हे.

अंतरातील साधनेचेही असेच आहे. आपले कर्म जगाच्या कानावर पडते की नाही, टाळ्या मिळतात की नाही, याची चिंता सोडता येते आणि सोडावी. परंतु आपल्या कर्माचा स्वर आपल्याला ऐकू येत राहिला पाहिजे. तो जेव्हा ऐकू येईनासा होतो, तेव्हा हात चालत असले तरी अभ्यास थांबलेला असतो.